ओतून झालं, पुढे काय?

मनात येईल ते, येईल तसं, हात न थांबवता लिहीत सुटायचं. खोडायचं नाही, शुद्धलेखन बघायचं नाही, मागचं वाचायचं नाही आणि लाज तर मुळीच बाळगायची नाही. कोणी याला मुक्तलेखन म्हणतं, कोणी फ्रीरायटिंग, कोणी नुसतं जर्नलिंग. या साध्याशा सवयीवरून सध्या दोन तट पडले आहेत आणि भांडण मोठ्या तावातावानं चाललं आहे. एका तटाचं म्हणणं, मनात साचलेलं सगळं कागदावर ओता. मन आपोआप बरं होईल आणि आत दबून राहिलेला लेखकही जागा होईल. दुसऱ्या तटाचं म्हणणं, ही सगळी हौशी रडारड. लेखन ही साधना असते, असल्या ओकाऱ्या काढून कोणी बरं होत नाही आणि लेखक तर त्याहून होत नाही. पहिल्यांना शंका विचारली की ते आपल्याला भावनांना घाबरणारे ठरवतात. दुसऱ्यांना विचारली की कष्टांना कंटाळलेले. उत्तर द्यायची दोघांनाही इतकी घाई, की मूळ प्रश्न काय आहे हे नीट मांडायला कोणी थांबतच नाही.

माझ्या मते प्रश्न एवढाच आहे: ओतून झाल्यावर पुढे काय होतं? बेधडक लिहिण्यात ताकद आहे याबद्दल मला शंका नाही. पण ती नुसत्या ओतण्यात नाही. जे बाहेर पडलं त्याच्याकडे माणूस परत वळतो, त्याच्याशी वाद घालतो, त्याला काही क्रम लावून बघतो, तिथे ती आहे. लिहून फक्त हलकं वाटलं तर त्यात वाईट काही नाही. मात्र तेवढ्या जोरावर उपचाराचा आणि निर्मितीचा असा दुहेरी दावा ठोकता येत नाही. त्यातही मन सावरणं आणि काही नवं घडवणं ही दोन निराळी कामं आहेत. सुरुवातीला दोन्हींना गाळणी नको असते हे खरं. नंतर मात्र दोन्हींना ती लागते, आणि तीही वेगवेगळ्या जाळीची. या दोन कामांची सरमिसळ झाल्यामुळेच वाद पुढे सरकत नाही.

उत्साही तटाच्या हातात एक भक्कम पुरावा आहे आणि तो आधी मान्य केला पाहिजे. १९८६ साली जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या अमेरिकी संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना ओळीनं चार दिवस, रोज १५ मिनिटं लिहायला बसवलं होतं. काहींना किरकोळ विषय दिले, बाकीच्यांना आयुष्यातल्या सर्वांत क्लेशकारक प्रसंगाबद्दल लिहायला सांगितलं. पुढच्या सहा महिन्यांत, क्लेशाबद्दल लिहिणाऱ्यांपैकी काहींच्या आरोग्यकेंद्रातल्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी भरल्या. त्यानंतर या विषयावर संशोधनाची रांगच लागली. १९९४ साली नोकरी गेलेल्या अभियंत्यांवर असाच अभ्यास झाला. आपल्या बडतर्फीबद्दल ज्यांनी मोकळेपणानं लिहिलं त्यांना नवी नोकरी इतरांपेक्षा लवकर लागली. १९९९ मध्ये दमा आणि संधिवाताच्या रुग्णांनी तीन दिवस रोज २० मिनिटं लिहिलं आणि चार महिन्यांनी त्यांच्यातल्या अनेकांच्या प्रकृतीत डॉक्टरांना मोजता येईल असा फरक पडलेला दिसला. हे सगळं हवेतलं नाही. ‘असल्या लिहिण्यानं काही होत नाही’ असं म्हणणाऱ्यांनी निदान एवढं तरी वाचायला हवं.

पण जे हे दाखले उठताबसता देतात त्यांनीही ते पूर्ण वाचावेत. १९८६ च्या प्रयोगात क्लेशाबद्दल लिहिणाऱ्यांचे तीन गट होते. एकानं फक्त घडलेलं लिहायचं, एकानं फक्त भावना लिहायच्या आणि तिसऱ्यानं दोन्ही. आरोग्यकेंद्राच्या फेऱ्या ठळकपणे घटल्या त्या या तिसऱ्या गटाच्या. म्हणजे नुसती भावना ओतून काम भागलं नव्हतं. काय घडलं आणि तेव्हा काय वाटलं हे एकमेकांना जोडावं लागलं होतं. दुसरी गोष्ट, या गटाला लिहून झाल्या झाल्या बरं वाटलं नाही. उलट त्यांचा रक्तदाब वाढलेला आणि मूड उतरलेला आढळला. ‘लिहून बघा, लगेच हलकं वाटेल’ ही जाहिरात त्याच प्रयोगाच्या नावावर चालावी हे जरा गमतीचंच. आणि तिसरी गोष्ट अशी की या प्रयोगाला कडेकोट चौकट होती. विषय ठरलेला, वेळ ठरलेली आणि मुख्य म्हणजे शेवट ठरलेला. चार दिवस संपले की लिहिणं संपलं. शुद्धलेखनाची आणि वाक्यरचनेची फिकीर करू नका अशी सूचना होती खरी, पण तेवढ्यावरून त्याला ‘मनात येईल ते जन्मभर लिहा’ या उपदेशाचा शास्त्रीय आधार कसं म्हणायचं?

नुसतं ओतून बरं वाटतं, या समजाच्या मुळाशी मनाचं एक जुनं चित्र आहे. मन म्हणजे झाकण लावलेलं भांडं, आत वाफ कोंडते, वाट काढून दिली नाही तर स्फोट होणार. एकोणिसाव्या शतकात वाफेची इंजिनं धडधडत असताना हे चित्र फार पटण्यासारखं होतं. ब्रॉयर आणि फ्रॉइड या व्हिएन्नातल्या डॉक्टरांनी १८९५ साली हिस्टेरियावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला तेव्हा कोंडलेल्या भावनांचा निचरा हाच उपचाराचा गाभा मानला होता. त्यातली सर्वांत गाजलेली रुग्ण ‘अ‍ॅना ओ.’ बोलून बोलून बरी झाली अशी कथा पुढे पाऊणशे वर्षं सांगितली गेली. प्रत्यक्षात ब्रॉयरचे उपचार थांबल्यानंतर १८८२ मध्येच तिला आरोग्यधामात दाखल करावं लागलं होतं. खुद्द फ्रॉइडनंही पुढे निव्वळ निचऱ्याची कल्पना मागे टाकली. आपण मात्र ती अजून सोडलेली नाही. राग आला की उशी बडवा, ओरडा, कागदावर शिव्या लिहा आणि मोकळे व्हा, हा सल्ला आजही दिला जातो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली तो तपासून पाहिला. आधी विद्यार्थ्यांना मुद्दाम चिडवलं, मग काहींना चिडवणाऱ्याचा चेहरा मनात आणून ठोसे मारायच्या पिशवीवर राग काढायला लावलं. त्यांचा राग उतरायच्या ऐवजी चढला. सर्वांत शांत निघाले ते काहीच न करता बसून राहिलेले. वाफेचं भांडं असतं तर निकाल उलटा लागायला हवा होता.

मग लिहिण्यानं जे बरं वाटतं ते कशानं? एक पान डोळ्यांपुढे आणू. एका बाईच्या वडिलांच्या शेवटच्या आजारपणात तिचा भाऊ आला नाही, आणि ती त्याबद्दल लिहायला बसली आहे. पहिल्या दिवशीचं पान असं असेल: ‘तो आला नाही. त्याला यायचंच नव्हतं. तो नेहमीच असा. लहानपणापासून असाच. सगळं माझ्यावर. मला कधी कोणी विचारतच नाही.’ पेन जोरात दाबलेलं, ‘नेहमीच’खाली दोनदा रेघ. चौथ्या दिवशीच्या पानावर कदाचित हे येईल: ‘त्या रात्री मीच त्याला फोनवर सांगितलं, बाबा बरे आहेत, यायची घाई करू नकोस. का सांगितलं असं? मला बहुतेक एकटीनं निभावून दाखवायचं होतं. म्हणून तो उशिरा निघाला. तरी त्यानं दुसऱ्या दिवशी फोन करायला हवा होता.’ दुसऱ्या पानावर राग कमी झालेला नाही. शेवटचं वाक्य वाचा, तो आहे तिथेच आहे. पण ‘नेहमीच’ गेलं आणि त्याच्या जागी एक रात्र आली, एक फोन आला, एक ‘का’ आला, ‘बहुतेक’ आणि ‘म्हणून’ आले. मोठा सार्वकालिक अन्याय होता, त्याचा आता एक प्रसंग झाला. प्रसंगाला सुरुवात आणि शेवट असतो, तो दुसऱ्याला सांगता येतो आणि त्यावर भावाशी बोलताही येतं. ‘तू नेहमीच असा’ यावर बोलणं होत नाही, नुसतं भांडण होतं.

पेनेबेकर यांनी नंतर लोकांनी लिहिलेल्या मजकुरातले शब्द मोजायला सुरुवात केली तेव्हा त्यांनाही असंच काहीसं दिसलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच सुरात लिहिणाऱ्यांना फारसा फायदा झाला नव्हता. ज्यांच्या मजकुरात दिवसागणिक कारण शोधणारे आणि उमज दाखवणारे शब्द वाढत गेले, त्यांना तो अधिक झाला होता. म्हणजे गाळणी काढल्यामुळे माल मिळतो, पण गुण येतो तो पुढच्या निवडीमुळे. ही निवड कोणी बाहेरचा करत नाही. लिहिणाराच आपलं पान वाचतो आणि स्वतःला विचारतो, हे खरंच असं झालं होतं का?

इथे माझ्याही म्हणण्याला छेद देणारा एक अभ्यास समोर येतो आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. २०१३ साली डेव्हिड स्बारा आणि सहकाऱ्यांनी नुकतंच जोडीदारापासून वेगळं झालेल्या ९० जणांना लिहायला लावलं. जे आधीपासूनच मनात तेच तेच घोळवत होते, झालं त्याचा अर्थ शोधण्यात गुंतले होते, त्यांना आतल्या भावनांबद्दल लिहिण्याचा तोटा झाला. त्याच स्वभावाच्या ज्यांनी फक्त दिवसभरात काय काय केलं याची कोरडी नोंद लिहिली, ते महिन्यांनंतर अधिक सावरलेले आढळले. कोणी म्हणेल, मग अर्थ शोधण्याची, क्रम लावण्याची एवढी तारीफ कशाला? त्यावर माझं उत्तर असं की अर्थ सापडणं आणि अर्थ शोधत राहणं यांत मोठं अंतर आहे. जो माणूस अंथरुणावर पडल्या पडल्या तोच खटला रोज नव्यानं चालवतो, त्याच्या हाती पेन दिलं की खटल्याला फक्त कारकून मिळतो. त्याला आधी दुसरं काहीतरी हवं असतं: भांडी घासणं, चालायला जाणं, कुणाचा तरी फोन, किंवा आज काय केलं याच्या साध्या चार ओळी. म्हणून ‘सगळ्यांनी रोज मनातलं सगळं लिहावं’ हा सरसकट सल्ला मला धोक्याचा वाटतो. औषध म्हणून मिरवायचं असेल तर ते कुणाला मानवत नाही हेही सांगावं लागतं.

बोलतं करण्याच्या अतिउत्साहाचा इतिहास फार जुनाही नाही. अपघात, आगी, दरोडे यांतून वाचलेल्यांना लगेच एकत्र बसवून सगळं सविस्तर सांगायला लावायचं, अशी पद्धत १९८० नंतर अनेक देशांत रूढ झाली. हेतू चांगलाच होता: आत साचू नये. रस्ते-अपघातातल्या जखमींवर इंग्लंडमध्ये झालेल्या एका अभ्यासाचे तीन वर्षांनंतरचे निष्कर्ष २०००मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना सुरुवातीला सर्वांत जास्त त्रास होत होता, नेमके तेच असं बोलतं केल्यामुळे मागे पडले होते. ज्यांना कोणी छेडलं नाही ते आपल्या गतीनं सावरले. आज जाणकार असं सक्तीनं बोलतं करू नका असंच सांगतात. बोलण्याचं जे झालं ते लिहिण्याचं होणार नाही कशावरून?

तरीही मी मुक्तलेखनाच्या बाजूनंच उभा आहे, आणि हिणवणाऱ्या तटाला उत्तर देणं बाकी आहे. २००६ साली जोआन फ्रॅटारोली यांनी अशा लेखनावरचे १४६ अभ्यास एकत्र तपासले. सरासरी फायदा निघाला, पण लहान. टीकाकार या ‘लहान’वर बोट ठेवून हसतात. माझ्या दृष्टीनं मात्र कागद आणि तासाभराचा एकांत एवढ्याच भांडवलावर, कुणाच्या परवानगीशिवाय आणि कुणाच्याही फीशिवाय मिळणारा लहान फायदा ही लहान गोष्ट नाही. समुपदेशकापर्यंत पोचणं बहुतेकांच्या आवाक्यात नसतं; कुणाला पैसे नसतात, कुणाला वेळ, कुणाला घरात तसं नुसतं बोलायचीही मुभा नसते. अशा माणसाला ‘साधना कर, मग लिही’ म्हणणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणं. शिवाय कुणाच्या दुःखाला रडारड म्हणायचं आणि कुणाच्या दुःखाला आत्मचिंतन, हे नेहमी मजकुरावरून ठरत आलं आहे का? रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसनं मोहिमांच्या धामधुमीत स्वतःसाठी ग्रीकमध्ये टिपणं केली. ती प्रसिद्धीसाठी नव्हती, त्यांत तेच तेच मुद्दे पुन्हा पुन्हा येतात, आणि आपण त्यांना तत्त्वज्ञान म्हणतो. एखाद्या गृहिणीनं वहीत तेच केलं तर ती रडारड.

पण मार्कसची टिपणं बारकाईनं पाहिली की आणखी एक गोष्ट दिसते. तो बहुतेक वेळा स्वतःला ‘तू’ म्हणून बोलतो, दटावतो, समजावतो. आपल्याकडे अभंगानं ही सोय रचनेतच करून ठेवली. दुष्काळात तुकारामांचं द्रव्य आटलं, मान गेला, एक पत्नी अन्न अन्न करत गेली. हे सगळं त्यांनी स्वतःच सांगितलं आहे, आणि कसं? एकेका चरणात एकेक आघात, मोजक्या शब्दांत, छंदात. शेवटी नाममुद्रा येते: ‘तुका म्हणे’. ज्याचं घर उद्ध्वस्त झालं तो आणि जो सांगतो आहे तो, यांच्यात त्या दोन शब्दांनी एक पाऊल अंतर पडतं. छंदानं त्या दुःखाची धार बोथट झाली असं कोणी म्हणेल का? अलीकडे ईथन क्रॉस आणि ओझलेम आयडुक या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगांतून दाखवलं आहे की आपल्याच प्रसंगाकडे जरा लांबून, दुसऱ्या कुणाकडे बघावं तसं पाहिलं तर त्रास कमी होतो आणि उमज वाढते. नाममुद्रा लिहिणाऱ्यांना त्यासाठी प्रयोगशाळा लागली नव्हती.

आता निर्मितीकडे. गाळणी काढली की अस्सल ते बाहेर येतं, ही कल्पना आपल्याला अगदी आजची वाटते. खरं तर तिला दोनशे वर्षं होऊन गेली. लुडविग ब्योर्न या जर्मन लेखकानं १८२३ साली एक छोटा निबंध लिहिला आणि तीन दिवसांत स्वतंत्र प्रतिभेचा लेखक होण्याची युक्ती सांगितली. कोरे कागद घ्या, तीन दिवस खोटेपणा आणि दांभिकपणा न करता डोक्यात येईल ते सगळं लिहा. तीन दिवसांनी स्वतःचे विचार पाहून तुम्हीच थक्क व्हाल. फ्रॉइडला चौदाव्या वर्षी ब्योर्नचे ग्रंथ भेट मिळाले होते, आणि आपल्या मुक्त साहचर्याच्या (रुग्णानं मनात येईल ते न अडवता बोलत जायचं, या) पद्धतीमागे ही विसरलेली आठवण असावी असं त्यानं १९२० मध्ये स्वतःच नोंदवलं. तिथून ही कल्पना आंद्रे ब्रेतॉं या फ्रेंच कवीकडे गेली. त्यानं आणि फिलिप सूपोनं १९१९ मध्ये झपाट्यानं, न थांबता स्वयंचलित लेखन केलं आणि १९२४ च्या जाहीरनाम्यात ब्रेतॉंनं त्यालाच अतिवास्तववादाचा, म्हणजे स्वप्न आणि नेणीव यांतून कला घडवू पाहणाऱ्या चळवळीचा, पाया म्हटलं. बुद्धीचा पहारा उठवा, नेणिवेचं खरं बोलणं ऐकू येईल. पुढे काय झालं? १९३३ साली त्याच ब्रेतॉंनं लिहिलं की अतिवास्तववादातल्या स्वयंचलित लेखनाचा इतिहास म्हणजे एक अखंड दुर्दैव आहे. हे कुणा विरोधकाचं नव्हे, घराण्याच्या संस्थापकाचं मत.

असं का होत असावं? माझ्या मते चूक ‘जे आधी सुचतं ते अस्सल’ या गृहीतात आहे. जे आधी सुचतं ते बहुतेक वेळा सर्वांत घोटलेलं असतं. ऐकलेले संवाद, पाठ झालेल्या तक्रारी, आईची वाक्यं, मालिकांतली वाक्यं, कालच वाचलेला सुविचार. पहारा उठला की आधी हेच घुसतात, कारण यांना वाट माहीत असते. स्वतःचं म्हणून जे असतं ते फार मागे, अडखळत उभं असतं आणि बऱ्याचदा ते तिसऱ्या खोडण्यानंतर पुढे येतं. अनेकांची मुक्तलेखनाची पानं शेजारी शेजारी ठेवली तर ती आश्चर्य वाटावं इतकी सारखी निघतात. प्रत्येकाचं दुःख वेगळं असतं, सुटून आलेली भाषा मात्र सगळ्यांची एकच.

यावर उत्साही तट फ्रांझ काफ्का या लेखकाचं नाव घेणार, आणि घ्यावंच. २२ सप्टेंबर १९१२ च्या रात्री दहाला बसून त्यानं पहाटे सहापर्यंत एका बैठकीत ‘द जजमेंट’ ही अख्खी कथा लिहिली आणि लिहावं तर असंच, असं डायरीत नोंदवलं. ती कथा आज जगभर वाचली जाते. मान्य. पण त्या रात्रीच्या मागे काही वर्षांची डायरी होती, मोडून टाकलेल्या सुरुवाती होत्या. आणि त्या रात्रीसारखी रात्र पुन्हा यावी म्हणून तो जन्मभर धडपडला. तिन्ही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या. अमेरिकी कादंबरीकार जॅक केरुआकचं उदाहरण तर आणखी ढळढळीत. १९५१ च्या एप्रिलमध्ये त्यानं कागदाची लांबच लांब गुंडाळी टाइपरायटरला लावून तीन आठवड्यांत ‘ऑन द रोड’ ही कादंबरी बडवली, ही दंतकथा सगळ्यांना पाठ आहे. त्याआधीच्या कित्येक वर्षांच्या वह्या आणि १९५७ ला पुस्तक निघेपर्यंत झालेल्या दुरुस्त्या मात्र दंतकथेत बसत नाहीत म्हणून गळतात. (दंतकथांना गाळणी असते, फक्त ती लिहिणाऱ्याच्या बाजूनं चालत नाही.)

फ्रीरायटिंग ज्यांच्यामुळे वर्गावर्गांत पोचलं त्या पीटर एल्बो यांचं म्हणणं तर उत्साही तटापेक्षा कितीतरी मोजकं आहे. लिहिता न आल्यानं त्यांनी स्वतः हार्वर्डमधलं संशोधन अर्धवट सोडलं होतं. त्यातून त्यांना उमगलं ते असं की शब्द निर्माण करणं आणि शब्द तपासणं ही दोन कामं आपण एकाच वेळी करायला जातो आणि म्हणून अडतो. तेव्हा दहा मिनिटं फक्त लिहा. सुचलं नाही तर ‘काही सुचत नाही’ असंच लिहीत राहा, पण हात थांबवू नका. तपासणी रद्द करा असं ते कुठे म्हणतात? ती नंतर करा, एवढंच म्हणतात. १९७३ च्या त्यांच्या पुस्तकाचा मोठा भाग तर लिहिलेलं इतरांना वाचायला देऊन त्यांच्यावर काय परिणाम होतो ते ऐकण्याबद्दल आहे. अनुयायांनी पहिली दहा मिनिटं उचलली आणि पुढचं सगळं सोडून दिलं.

अ‍ॅन फ्रँकबद्दलही आपल्या मनात असंच चित्र असतं: एका ज्यू मुलीनं नाझींपासून लपून बसलेल्या घरात मन मोकळं केलं आणि ते तसंच्या तसं जगाला मिळालं. २८ मार्च १९४४ ला लंडनहून डच रेडिओवर एका मंत्र्यानं लोकांना युद्धकाळातल्या डायऱ्या आणि पत्रं जपून ठेवा असं सांगितलं. ते ऐकून त्या वर्षीच्या मे महिन्यात तिनं आपली जुनी डायरी पुढ्यात घेऊन सुट्या कागदांवर नव्यानं लिहायला घेतली. काही नोंदी गाळल्या, काही एकत्र केल्या, काही नव्यानं रचल्या. पंधराव्या वर्षी, कैदेसारख्या जागेत, ती स्वतःच्याच मजकुराची संपादक झाली होती. ४ ऑगस्टला अटक झाली तेव्हा ते काम अपुरं होतं. पहिली, बेधडक डायरी नसती तर दुसरी झालीच नसती, यात वाद नाही. पण तेरा वर्षांच्या मुलीकडे पंधरा वर्षांच्या मुलीनं परत वळून पाहणं, हे त्या लेखनाच्या थोरवीतून वजा कसं करणार? पहिली डायरी तिला जगायला लागली, दुसरी तिला लेखिका व्हायला. दोन कामं वेगळी म्हटलं ते याच अर्थानं.

मुक्तलेखन खरोखर ‘मुक्त’ राहायचं असेल तर त्याची एकच अट माझ्या मते कडक पाळली पाहिजे: ते दुसऱ्या कुणी वाचायचं नाही. वाचणारा आहे हे कळलं की हात आपोआप सावध होतो आणि मग उरतो तो मोकळेपणाचा अभिनय. सकाळी ओतलेलं दुपारी समाजमाध्यमावर टाकणाऱ्यांचा हा घोळ आहे. त्यांनी गाळणी काढलेली नसते, प्रेक्षकांना आवडेल अशी बसवलेली असते. कार्यशाळांत तर याहून वाईट चालतं. पंधरा मिनिटं लिहून घेतात आणि लगेच ‘कोण वाचून दाखवणार?’ म्हणून विचारतात. जो रडतो त्याचं कौतुक होतं. शाळेत ‘तुमच्या मनातलं लिहा’ म्हणून वह्या भरून घेतात आणि मग त्या तपासायला गोळा करतात. घरातल्या मारहाणीबद्दल लिहिलेल्या पानावर लाल शाईत ऱ्हस्वदीर्घ सुधारून मिळाल्यावर ते मूल पुन्हा कधी खरं लिहील?

पेनेबेकर यांचा स्वतःचा एक नियम आहे, तो त्यांच्या प्रयोगाएवढा कोणी सांगत नाही. एखाद्या विषयावर लिहिताना आपला तोल जाईल असं वाटलं तर लिहू नका, दुसऱ्या कशाबद्दल तरी लिहा. कार्यशाळा घेणाऱ्यानं आणि शिक्षकानं पेन हातात द्यायच्या आधी हे सांगायला हवं. दिवसामागून दिवस तेच वाक्य पानावर उतरत असेल आणि दर वेळी अधिक जड होत असेल, तर वही मिटून माणसाशी बोलायची वेळ झाली आहे, हेही सांगायला हवं. आणि वह्या गोळा करणारच असाल तर मुलांना ते पहिल्या ओळीआधी कळलं पाहिजे. मग त्यात काय लिहायचं ते त्यांचं ती ठरवतील.